व्हिएतनाममधली समाधी आणि सिंदखेडची समाधी

जिजाऊ जयंतीची 12 जानेवारी जवळ आली की देऊळगाव राजातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जिजाऊ, त्यांचे वडील लखुजीराव जाधव आणि शिवरायांच्या पोस्टचा पूर येतो. साहजिकच आहे. शेजारचं सिंदखेड राजा हे जिजाऊंचं जन्मस्थान, आणि बालाजीचं देऊळगावही जाधवरावांच्याच घराण्याशी जोडलेलं. पण श्रद्धेनं पुढे पाठवलेल्या या मीममध्ये बराच माल बनावट असतो.

सर्वांत हट्टी गैरसमज म्हणजे सतराव्या शतकातलं प्रत्येक भांडण दोन धर्मांचं होतं. त्याचा निकाल सिंदखेडलाच लागतो, लखुजीरावांच्या समाधीपाशी. 25 जुलै 1629 रोजी दौलताबादला निजामशाही दरबारात लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांना दग्यानं ठार मारलं गेलं. लखुजीराव त्याआधी निजामशाही सोडून मोगलांना मिळाले होते आणि परतही आले होते. सासऱ्यांच्या खुनानंतर जावई शहाजीराजांनी निजामशाही सोडली आणि काही काळ मोगलांचीच चाकरी पत्करली. वतन, फौज, संशय, सत्ता असा हा गुंता आहे. मीमच्या दोन ओळींत तो मावत नाही, म्हणून कापला जातो. आणि कापला की उरतो तो फक्त राग.

याच समाधीच्या जतनाचं काम चालू असताना 2024 मध्ये पुरातत्त्व विभागाला शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती सापडली. लांबी 1.70 मीटर, उंची 1 मीटर. खऱ्या बातमीला अशी मापं असतात, जागा असते, खोदणारं खातं असतं.

आता व्हिएतनामची पोस्ट पाहा. शिवरायांच्या युद्धनीतीमुळे आम्ही अमेरिकेला हरवलं असं तिथला राष्ट्राध्यक्ष म्हणाला, आणि ‘शिवरायांचा एक मावळा’ अशा अर्थाचे शब्द त्याच्या समाधीवर कोरले आहेत म्हणे. कोणता राष्ट्राध्यक्ष? कोणत्या साली बोलला? समाधी कोणत्या गावात? पोस्ट गप्प. याला कसलाही पुरावा नाही. हो ची मिन्ह तर 1969 मध्येच वारले, युद्ध संपलं 1975 ला. शिवरायांच्या गनिमी काव्याला परक्या प्रशस्तिपत्राची गरज का पडावी, हे मला कधीच कळलेलं नाही.

मेकॉलेचं ‘भारतात मला एकही भिकारी दिसला नाही’ हे तथाकथित भाषणही तसलंच. तारीख 2 फेब्रुवारी 1835, ठिकाण ब्रिटिश संसद, असं मीम सांगतं. त्या दिवशी मेकॉले कलकत्त्यात होता. त्याचं शिक्षणविषयक टिपण त्याच तारखेचं आहे, पण त्यात ही वाक्यं नाहीत. भारतीय ग्रंथांना तुच्छ लेखणारा मजकूर मात्र आहे, आणि टीका करायला तेवढा पुरेसा आहे.

‘भवानी तलवार लंडनला आहे’ हे तर आपण लहानपणापासून ऐकतो. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे ती जगदंबा नावानं ओळखली जाणारी तलवार. 1875-76 च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला ती कोल्हापूरकडून भेट मिळाली. वाघनखांचं म्हणाल, तर 2024 मध्ये लंडनहून साताऱ्यात आलेली वाघनखं अफझलखानाच्या वेळचीच आहेत याची खात्री देता येत नाही, असं ती जपणारं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयच सांगतं.

हे सगळं मोबाइलनं आणलं असंही नाही. एकेकाळी इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जाई. 1933 मध्ये इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदांतून खरं चित्र पुढे आणलं, तेव्हा ती चूक सुधारली. फरक इतकाच की छापील चूक दुरुस्त करायला एक बेंद्रे पुरले. आता ती जबाबदारी ग्रुपमधल्या प्रत्येकावर आहे.

तेव्हा पोस्ट आली की आधी विचारा: कोण, कुठे, कधी, आणि कोणत्या कागदात? उत्तर नसेल तर ती पुढे पाठवू नका. पाठवायचंच असेल तर सिंदखेडला जाऊन लखुजीरावांच्या समाधीचा स्वतः काढलेला फोटो टाका, आणि खाली मारल्या गेलेल्या चौघांची नावं तारखेसह लिहा.