बोर्डावर इंग्लिश, वर्गात मराठी!

पाटीवर ‘न्यू इंग्लिश स्कूल’ आणि आत भूगोलापासून बीजगणितापर्यंत सगळं मराठीत! महाराष्ट्रातल्या खेड्यांत हा प्रकार इतका सर्रास दिसतो की कुणाला त्याचं नवल वाटत नाही. या नावाची गाजलेली शाळा पुण्याची. चिपळूणकर, टिळक मंडळींनी १८८० साली काढलेली. पूर्वी मराठी शाळा सातवीला, म्हणजे ‘व्हर्नाक्युलर फायनल’ला संपायची. पुढची ती इंग्रजी शाळा. माध्यम बदललं, पाटी तशीच राहिली.

हायस्कूल खेड्यात नेणाऱ्यांत कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव पहिलं घ्यायचं. स्वतः मात्र ते मॅट्रिकही झाले नव्हते! कोल्हापुरात शिकताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्‌घाटनाला गेले, परतल्यावर आंघोळ करून ‘शुद्ध’ व्हायला साफ नकार दिला, आणि राहत्या बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. पुढं किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि मग बोर्डिंगांचाच सपाटा लावला. साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची. १९२७ साली खुद्द गांधीजी येऊन त्या बोर्डिंगाला शाहू महाराजांचं नाव देऊन गेले.

पण एवढ्या पोरांना खायला कुठून आणायचं? त्यासाठी निघाला मुष्टिफंड. दळणाला बसताना, चूल पेटवताना घरच्या बाईनं मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि पोरांनी पिशवी घेऊन ते गोळा करायचं. तेही कमी पडलं तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, अगदी मंगळसूत्रसुद्धा. कर्मवीरांचे पुतळे चौकाचौकांत दिसतात. माझ्या मते निम्मा मान या वहिनींचा. आज ‘रयत’ची चारशेहून जास्त हायस्कुलं आहेत.

गावातले आजोबा छाती काढून सांगतात, “मी जुनी अकरावी!” ते उगाच नाही. तेव्हा शाळेची शेवटची परीक्षा अकरावीलाच असायची. दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली मार्च १९७५ मध्ये.

आता सोयी. गावच्या प्रयोगशाळेचं वैभव बऱ्याचदा एका कपाटात मावतं : स्पिरिटचा दिवा, लिटमस कागद, बरणीतला बेडूक. किल्ली सायन्सच्या सरांच्या खिशात. याला झकास उत्तर दिलं शिरूर तालुक्यातल्या पाबळनं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथं विज्ञान आश्रम काढला. त्यांनी आखलेला विषय हायस्कुलांत शिरला आणि आठवी ते दहावीची पोरं आठवड्यातला एक दिवस हात काळे करू लागली. वेल्डिंग, वायरिंग, रोपवाटिका, माती परीक्षण, झालंच तर रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं! मुलगी वेल्डिंगला आणि मुलगा स्वयंपाकाला, हेही आलंच.

आणि ज्या सोयीला शाळेच्या भिंती लागत नाहीत, ती म्हणजे लाल एसटी. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास फुकट मिळतो. काही तालुक्यांत खास मुलींसाठी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्याही धावतात. हेडसरांची घंटा काहीही म्हणो, संध्याकाळची गाडी हुकली तर पुढची कधी येईल ते डेपोलाच ठाऊक. म्हणून शेवटच्या तासाला निम्मा वर्ग दप्तर भरूनच बसलेला असतो.