मशीनला तेल, बाईकला शिव्या!

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत दिवसभर मायक्रॉनचा हिशेब ठेवणारी पोरं घरी जाताना मात्र सुकलेल्या चेनवर ऐंशीचा स्पीड मारतात. छोट्या पॉवरबाज बाईक्सची खरी दुखणी कुठली आणि आपणच लावून घेतलेली कुठली, याचा हा पंचनामा.

पहिली शिफ्ट सुटायच्या वेळी लक्ष्मी टेकडीच्या बाजूला उभे राहिलात तर बाईक्सचं फुकट प्रदर्शन बघायला मिळतं. पल्सर, अपाचे, आर-वन-फाइव्ह, ड्यूक आणि मधूनच एखादी जिवापाड जपलेली आरएक्स हंड्रेड. टँकवर स्टिकर, पाठीवर सॅक, गळ्यात कंपनीचं आयकार्ड. नाद खुळा सीन! पण जरा डोळे मिटून नुसतं ऐकलंत, तर चित्र वेगळं. एकीची चेन करकरतेय, दुसरीच्या इंजिनात टकटक आहे, तिसरी ब्रेक लावला की पुढून 'खट' करते.

गाडीवाल्याला विचारा. उत्तर ठरलेलं असतं, "गाडीतच प्रॉब्लेम आहे. कंपनीनंच असली बनवलीय."

खरंच? गेले काही आठवडे मी या वसाहतीत नोकरी करणाऱ्या मित्रमंडळींच्या मागे आणि त्यांच्या मेकॅनिकच्या पुढ्यात बसून हेच शोधत होते. माझ्यापुरता निघालेला निष्कर्ष सांगते. बाईकच्या तक्रारींच्या तीन वेगवेगळ्या पाट्या असतात. पहिली स्वभाव, दुसरी दोष आणि तिसरी हेळसांड. आपण तिन्हींचं बिल एकाच नावावर फाडतो आणि तिथेच पैसे वाया जातात. कधीकधी जिवावरही बेततं.

पाटी पहिली : स्वभाव

थोडं गणित. साध्या स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं, ताकद ८ हॉर्सपॉवरच्या आसपास. २०१२ मध्ये भारतात आलेली ड्यूक २०० घ्या. इंजिन दुप्पट, पण ताकद २५, म्हणजे तिप्पट! ही जास्तीची ताकद येते कुठून? मुख्यतः फिरण्याच्या वेगातून. ड्यूक ही ताकद १०,००० आरपीएमला देते. म्हणजे क्रँक एका सेकंदात १६६ वेळा फिरतो आणि तेवढ्याच वेळात पिस्टन ३३३ वेळा थांबून दिशा बदलतो. एवढ्या धावपळीत ऑईल, कूलंट, चेन, क्लच या सगळ्यांवर जो ताण येतो, तो स्प्लेंडरच्या वाट्याला कधीच येत नाही.

त्यामुळे काही गोष्टी तक्रार नसून स्वभाव असतात. सिग्नलला उभं असताना रेडिएटरचा फॅन घोंगावायला लागणं आणि मांड्यांना गरम हवा लागणं, हा स्वभाव. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये तीसच्या स्पीडला गाडीनं धक्के देणं, हाही स्वभाव. हे इंजिन वरच्या आरपीएमसाठी ट्यून केलेलं असतं. तावडे हॉटेलच्या ट्रॅफिकमध्ये मायलेज वाचवायला टॉप गिअरमध्ये रेटलंत, तर ते कण्हणारच. उपाय फुकट आहे, एक गिअर खाली घ्या.

पण स्वभावालाही मर्यादा असतात. टेंपरेचरचा दिवा लागला, तर मात्र लगेच बाजूला थांबायचं. कूलंटची लेव्हल रिझर्व्ह टाकीवरून बघायची आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कध्धीच उघडायचं नाही. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. कूलंटच्या जागी बोअरचं पाणी भरायचा शॉर्टकटही नको. त्यातल्या क्षारांनी आतल्या वाटा बुजतात. आणखी एक, सर्व्हिसिंगला प्रेशर वॉशरचा फवारा जवळून रेडिएटरवर मारू देऊ नका. त्याच्या पातळ पात्या वाकल्या की हवा जाणार कुठून?

पाटी दुसरी : दोष

आता कंपनीची बाजू. गाडी बनवतानाच चूक राहिली, असं होतं का? होतं की! जानेवारी २०१८ मध्ये यामाहानं एफझी-२५ आणि फेझर-२५ मिळून २३,८९७ बाईक्स परत बोलावल्या. कारण काय, तर इंजिनच्या हेड कव्हरचा बोल्ट सैल होत होता. २०१९ मध्ये याच मॉडेल्सच्या आणखी १३,३४८ गाड्यांसाठी हाच रिकॉल निघाला. दुरुस्ती फुकट. आता विचार करा, त्यातल्या एखाद्या गाडीखाली ऑईलचा थेंब दिसला असता आणि मालकानं कोपऱ्यावरच्या गॅरेजात नुसतं सिलंट फासून घेतलं असतं तर?

म्हणून एकाच मॉडेलच्या तीन-चार मित्रांना एकसारखी तक्रार असेल आणि तीही कमी किलोमीटरवर, तर ती उडवून लावू नका. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा शोरूममध्ये चासी नंबर देऊन रिकॉल तपासता येतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं सदोष गाड्या सक्तीनं परत मागवण्याचा अधिकार सरकारला मिळाला आणि एप्रिल २०२१ पासून ती तरतूद लागू आहे. शोरूमवाले दाद देत नसतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

फक्त एक अट. तुमच्या हातात कागद पाहिजे. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' एवढंच लिहिलेल्या कार्डाला पुढे कुणी विचारत नाही. आणि वायरिंग कापून फॉगलॅम्प, मोठा हॉर्न किंवा रेसिंग सायलेन्सर लावला असेल, तर वॉरंटीच्या भांडणात तुमची बाजू लंगडी पडते. बाय द वे, सेल्फस्टार्टच्या गाड्यांची बॅटरी पुन्हापुन्हा उतरण्यामागेही बऱ्याचदा हेच जादा दिवे असतात.

पाटी तिसरी : हेळसांड

आता मुद्द्याची पाटी. आणि सॉरी, पण सगळ्यात लांबलचकही हीच.

हा परिसर काही साधासुधा नाही. किर्लोस्कर ऑईल इंजिन्सचा कारखाना याच वसाहतीत आहे. कास्टिंग आणि मशीनिंग तर कोल्हापूरच्या रक्तातच. उद्यमनगरातल्या लेथपासून शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींपर्यंत इंजिनाचे भाग बनवण्यात अख्ख्या पिढ्या गेल्या. इथल्या शॉपफ्लोअरवर प्रत्येक मशीनशेजारी चेकलिस्ट लटकलेली असते. ऑईल लेव्हल बघितली? टिक. कूलंट? टिक. आवाज आला तर मेंटेनन्सला कळवा. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सवर तासभर ट्रेनिंग देऊ शकणारा आमचा एक दोस्त आहे. त्याच्या बाईकची चेन मी बघितली. गंजून तांबूस झालेली! मशीन कंपनीचं, त्याला तेल. बाईक स्वतःची, हप्ते स्वतःचे, आणि तिला शिव्या.

चेनपासूनच सुरू करू. पॉवरबाज बाईकची सगळी ताकद तिच्यातूनच जाते. सुकली की करकरते, सैल झाली की हिसके देते आणि दुर्लक्ष केलंत तर एक दिवस उतरते. उतरलेली चेन स्प्रॉकेटमध्ये अडकली, तर मागचं चाक जागच्या जागी जाम. दुसरी शिफ्ट संपवून रात्री अकराला हायवेला लागल्यावर, मागे ट्रक आणि पुढे टेललाइट नसलेली उसाची ट्रॉली असताना हे झालं तर? विचारही नको. साधारण ५०० किलोमीटरला चेन साफ करून ल्यूब मारणं, पावसात त्याहून लवकर, एवढंच तर करायचं असतं. ओ-रिंगवाली चेन असेल, तर पेट्रोलनं धुवू नका, रबर खराब होतं. चेन घट्ट करून घेतली की काम झालं, हाही गैरसमज. फार ताणलेली चेन बेअरिंग खाते. बऱ्याच छोट्या बाईक्सना २० ते ३० मिलिमीटर ढील लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे.

दुसरं, ऑईल. या गाड्यांच्या पोटात ऑईल असतं जेमतेम लिटर-सव्वा लिटर. त्यातलं पाव लिटर जळलं तरी फरक मोठा. वरच्या आरपीएमला सतत पळवलं की थोडं ऑईल जळू शकतं. म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत न थांबता आठवड्याला काच बघायची, गाडी सरळ उभी करून. आणि कारचं उरलेलं ऑईल बाईकमध्ये? अजिबात नाही. बाईकचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑईल्समध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती आत गेली की क्लच घसरतो, आरपीएम वाढतो पण गाडी पळत नाही. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलंय का, ते बघून घ्या. ऑईल बरोबर असूनही क्लचप्लेट लवकर जात असतील, तर स्वतःच्या डाव्या हाताकडे बघा. ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून सरकायची सवय महागात पडते.

तिसरं, हवा. इथे कागलचा हिशेब पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा. फाउंड्रीची वाळू, सातारा-कागल सहापदरीकरणाची धूळ आणि गळीत हंगामात रस्त्यावर पसरलेला पाला. फाउंड्रीची वाळू म्हणजे बहुतांश सिलिका. ती फिल्टरमधून आत शिरली की सिलिंडरच्या बोअरवर पॉलिशपेपरचं काम करते. मग कॉम्प्रेशन जातं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि शेवटी बोअर-पिस्टनचं बिल. मॅन्युअलमध्ये दिलेलं एअर फिल्टरचं अंतर स्वच्छ रस्त्यासाठी असतं. अशा धुळीत राहणाऱ्यानं ते निम्म्यावर आणावं. आवाजासाठी फिल्टरचा डबाच काढून टाकणाऱ्या वीरांना लांबूनच नमस्कार!

चौथं, ब्रेक लावल्यावरचं ते 'खट'. बहुतेक वेळा हा कोनसेट असतो, म्हणजे हँडलच्या मुळाशी असलेले बेअरिंग. खड्डे आणि न दिसणारे स्पीडब्रेकर तो खातात. सोप्पी टेस्ट आहे. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि गाडी मागेपुढे हलवा. हाताला खट लागलं, तर मेकॅनिककडे. व्हीली मारून पुढचं चाक आपटणाऱ्यांना ही भेट जरा लवकर मिळते.

आणि हो, पेट्रोलही बदललंय

सगळा दोष मालकाच्या माथी मारणंही बरोबर नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं. गंमत म्हणजे त्यातलं काही इथेनॉल आपल्याच ऊसपट्ट्यातल्या डिस्टिलऱ्यांत बनतं! इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, त्यामुळे मायलेज थोडं घटलं तर दचकू नका. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग ई-२० सोसतील असे असतात. जुनी कार्ब्युरेटरवाली पल्सर किंवा आरएक्स असेल, तर मात्र पेट्रोलचे रबरी पाइप आणि गॅस्केट वरचेवर तपासा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून पावसाळ्यात टाकीत थोडंसं पेट्रोल ठेवून गाडी महिनाभर उभी करू नका. फ्युएल इंजेक्शनवाल्यांसाठीही एक टीप. सतत रिझर्व्हवर पळवायची सवय सोडा. पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं.

सुट्टीच्या दिवशीची दहा मिनिटं

• चेन : ढील आणि ओलावा. स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले असतील, तर अख्खं किट बदला.
• ऑईल आणि कूलंट : दोन्ही लेव्हल, गाडी थंड असताना.
• टायर : हवा मॅन्युअलप्रमाणे. डोळ्यांच्या अंदाजानं नको.
• ब्रेक : पॅडची जाडी. ब्रेक ऑईल साधारण दोन वर्षांनी बदलायचं.
• कोनसेट आणि फोर्क : खट येतंय का, ऑईल सीलमधून गळतंय का.
• आवाज : सकाळी सुरू करून मिनिटभर नुसतं ऐका. नवीन काही वाटलं, तर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.

ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. "गाडी कसातरीच आवाज करतेय" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे मेकॅनिकला अंदाजानं पार्ट बदलावे लागतात आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही देता. "थंड असताना टकटक येते, गरम झाल्यावर जाते, गेल्या तीनशे किलोमीटरपासून" असं सांगणाऱ्याची गाडी अर्धी दुरुस्त झालेली असते. शॉपफ्लोअरवर याला ब्रेकडाऊन रजिस्टर म्हणतात. तुमच्यासाठी मोबाइलमधली एक नोट पुरे.

तेव्हा भावांनो आणि बहिणींनो, पुढच्या वेळी बाईक रुसली की आधी एकच प्रश्न विचारा. हा स्वभाव, दोष की हेळसांड? स्वभाव असेल, तर जुळवून घ्या. दोष असेल, तर कागद घेऊन भांडा. आणि हेळसांड असेल, तर गुपचूप उठा. चेन ल्यूबची बाटली पिझ्झ्यापेक्षा स्वस्त मिळते!