गाणे बडीचे, हिशेब कोणाचा?

लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरात १२ ऑक्टोबर १९८९ रोजी ‘बडी’ हे संगीत नाटक रंगमंचावर आले, तेव्हा ज्याच्या आयुष्यावर ते बेतले होते त्या गायकाच्या मृत्यूला तीस वर्षे उलटून गेली होती. बडी हॉली या अमेरिकन तरुणाला आयुष्य लाभले अवघे बावीस वर्षांचे आणि त्यातला कीर्तीचा काळ तर जेमतेम दीड वर्षाचा. नाटकाला मात्र दीर्घायुष्य लाभले. आधी व्हिक्टोरिया पॅलेस व १९९५ पासून स्ट्रँड थिएटर असा मुक्काम करीत ते लंडनमध्ये बारा वर्षांहून अधिक काळ चालले. ३ मार्च २००२ रोजी तेथील शेवटचा प्रयोग झाला, तोवर प्रयोगांची संख्या पाच हजारांवर गेली होती. मूळ गायक जितके दिवस लोकांसमोर गायला, त्याच्या कितीतरी पट दिवस त्याचा चष्मा लावून दुसरेच नट गात राहिले. जर्मनीत हँबुर्गच्या बंदरात तर १९९४ साली या एका नाटकासाठी नवे नाट्यगृह उभारण्यात आले. ज्याच्या नावावर एवढे भांडवल उभे राहू शकते, तो माणूस ऐन कीर्तीच्या काळात पैशाच्या विवंचनेत होता आणि त्या विवंचनेतूनच मृत्यूच्या वाटेला लागला, ही गोष्ट नाटकाच्या झगमगाटात सहसा लक्षात येत नाही. म्हणूनच ती सविस्तर पाहण्याजोगी आहे.

चार्ल्स हार्डिन हॉली याचा जन्म ७ सप्टेंबर १९३६ रोजी टेक्सास राज्याच्या पश्चिमेकडील लबक या गावी झाला. कपाशीच्या पट्ट्यातले, देवभीरू वस्तीचे हे गाव. त्याच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मुळात एक ‘ई’ अधिक होता. डेका कंपनीच्या करारपत्रात तो गळला आणि गळलेलाच राहिला. एका कारकुनी चुकीने माणसाचे जगासमोरचे नाव ठरावे, हा योगायोग पुढे घडलेल्या गोष्टी पाहता काहीसा सूचकच म्हणावा लागेल. डेकाने १९५६ साली नॅशव्हिल येथे त्याची काही गाणी ध्वनिमुद्रित केली. ती चालली नाहीत. कंपनीने त्याला मोकळे केले, पण तेथे मुद्रित केलेली गाणी पाच वर्षे अन्यत्र मुद्रित करायची नाहीत, हे करारातले कलम मात्र तसेच राहिले.

या कलमातून वाट निघाली ती शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातील क्लोव्हिस या लहानशा गावात. तेथे नॉर्मन पेटी नावाच्या संगीतकाराचा स्वतःचा स्टुडिओ होता. २५ फेब्रुवारी १९५७ रोजी बडीने आपल्या साथीदारांसह ‘दॅट्ल बी द डे’ हे गाणे तेथे पुन्हा मुद्रित केले आणि करारातील अडचण टाळण्यासाठी तबकडीवर त्याचे नाव न घालता ‘क्रिकेट्स’ हे मंडळीचे नाव घातले. तबकडी काढली ब्रन्सविक या नाममुद्रेने. गंमत अशी, की ब्रन्सविक ही डेकाचीच एक शाखा होती. ज्या कंपनीने त्याला दाराबाहेर काढले, तिच्याच मागच्या दाराने तो आत शिरला आणि सप्टेंबर १९५७ मध्ये ते गाणे अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले.

या मंडळीचे महत्त्व केवळ एका गाण्याच्या यशात नव्हते. त्या काळचा प्रघात असा, की गीत एकाने लिहायचे, चाल दुसऱ्याने लावायची, वाद्ये पगारी वादकांनी वाजवायची आणि देखण्या गायकाने समोर उभे राहायचे. हॉली व त्याचे साथीदार यांनी ही श्रमविभागणीच मोडली. दोन गिटार, एक बेस व एक ड्रम एवढ्या सामग्रीवर ते स्वतःच रचायचे, स्वतःच वाजवायचे, स्वतःच गायचे. मार्च १९५८ मध्ये त्यांनी इंग्लंडचा दौरा केला. त्याच वर्षी लिव्हरपूलमधील काही पोरांनी आपल्या पहिल्यावहिल्या हौशी ध्वनिमुद्रणासाठी हॉलीचेच गाणे निवडले. ती पोरे पुढे ‘बीटल्स’ झाली, आणि किड्याचे नाव घेण्याची कल्पनाही त्यांना ‘क्रिकेट्स’वरूनच सुचली.

अ‍ॅलन जेन्स यांनी लिहिलेले ‘बडी’ हे नाटक ही सारी कथा फार गुंतागुंतीत न शिरता सांगते. पहिल्या अंकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या हार्लेममधील अपोलो थिएटरचा प्रसंग येतो. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या या बालेकिल्ल्यात ऑगस्ट १९५७ मध्ये टेक्सासचे हे गोरे तरुण उभे राहिले होते. दुसऱ्या अंकाचा मोठा भाग क्लिअर लेक येथील अखेरच्या जलशाने व्यापला आहे आणि नाटकाचे खरे सामर्थ्य तेथेच आहे. कथानक जवळजवळ थांबते, नाट्यगृहाचे नृत्यगृह होते, आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक नकळत १९५९ सालचा श्रोता बनतो. जुन्या मराठी संगीत नाटकात पदाला ‘वन्स मोअर’ मिळू लागले की कथानक जसे बिचारे बाजूला उभे राहत असे, तसाच काहीसा हा प्रकार. टीकाकारांनी नाक मुरडावे असे यात पुष्कळ आहे. संवाद बेताचे आहेत, पात्रांना खोली फारशी नाही. परंतु नटांनी स्वतः गिटार हाती घेऊन प्रत्यक्ष वाजवायचे, हा या नाटकाचा दंडक आहे आणि तो विषयाशी प्रामाणिक आहे. ज्या मंडळीचे वैशिष्ट्यच स्वावलंबन होते, तिचे नाटक उसन्या वाद्यवृंदावर उभे राहिले असते तर ते हास्यास्पद ठरले असते.

या दंडकाला एक व्यावहारिक बाजूही आहे. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगभूमी व संगीत यांच्या अर्थकारणावर एक ग्रंथ लिहिला. त्यातला मुख्य मुद्दा असा : कारखान्यात यंत्रे सुधारतात व दर माणशी उत्पादन वाढत जाते, परंतु चार वादकांसाठी लिहिलेली रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी चार माणसे लागत आणि आजही चारच लागतात. वेतन मात्र सर्वत्र वाढते. साहजिकच प्रत्यक्ष प्रयोगाची कला उत्तरोत्तर महाग होत जाते. यातून सुटण्यासाठी निर्माते ज्या युक्त्या करतात, त्या ‘बडी’मध्ये एकत्र पाहावयास मिळतात. नटच वादक असल्याने वेगळा वाद्यवृंद नको. गाणी आधीच लोकांच्या ओठांवर असल्याने नव्या संगीतकाराचा जुगार नको. तिकीट घेणाऱ्याला काय ऐकायला मिळणार हे ठाऊक असते, म्हणून जाहिरातीचे निम्मे काम आधीच झालेले. लंडनमध्ये १९७७ सालीच एल्व्हिस प्रेस्लीवर असे नाटक येऊन गेले होते. ‘बडी’नंतर ‘मामा मिया’ (१९९९), ‘जर्सी बॉईज’ (२००५) अशी रांग लागली. तरीही ही युक्ती हमखास नव्हे. ‘बडी’ न्यूयॉर्कला नोव्हेंबर १९९० मध्ये गेले आणि २२५ प्रयोगांनंतर मे १९९१ मध्ये गुंडाळावे लागले. ज्या देशाचा तो गायक, त्या देशाच्या राजधानीतुल्य रंगभूमीने त्याला सात महिनेही ठेवून घेतले नाही!

आता हिशेबाच्या वहीकडे वळावयास हवे. क्लोव्हिसच्या स्टुडिओत पेटी तासाप्रमाणे भाडे आकारीत नसे. हवा तितका वेळ गाणे घोळवीत बसण्याची मुभा असे. नवख्या कलावंतांना ही सवलत म्हणजे वरदानच होते, आणि त्या तबकड्यांच्या नादमधुरतेत पेटीच्या कानाचा वाटा होता हे कोणी नाकारू नये. परंतु त्याने या सवलतीची किंमत दुसऱ्या मार्गाने वसूल केली. तो मंडळीचा व्यवस्थापक झाला, गाण्यांचा प्रकाशक झाला आणि रचनाकारांच्या नावांतही त्याचे नाव आले. ‘पेगी स्यू’ हे हॉलीचे बहुधा सर्वांत गाजलेले गाणे. त्याच्या मूळ तबकडीवर रचनाकार म्हणून ड्रमवादक जेरी अ‍ॅलिसन आणि पेटी यांची नावे होती, हॉलीचे नव्हते. कंपनीकडून येणारी रॉयल्टी पेटीकडे जमा होई. एकच माणूस धनको, अडत्या, भागीदार आणि हिशेबनीस असला की काय होते, हे बाजारात माल नेणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

ऑगस्ट १९५८ मध्ये हॉलीचे लग्न झाले. वधू मारिया एलेना सांतियागो ही न्यूयॉर्कमधील एका संगीत-प्रकाशन कंपनीत स्वागतिका होती; गाण्याच्या व्यवहाराची कागदपत्रे कशी असतात हे तिने जवळून पाहिले होते. त्या वर्षाच्या अखेरीस हॉलीने पेटीशी संबंध तोडले. साथीदार पेटीकडेच राहिले. हिशेब पुरा होईपर्यंत पैसा अडकला, आणि ज्याची गाणी दोन खंडांत वाजत होती त्या तरुणाला न्यूयॉर्कच्या बिऱ्हाडाचा खर्च भागविण्यासाठी भर हिवाळ्यात मध्य अमेरिकेच्या दौऱ्यावर निघावे लागले.

‘विंटर डान्स पार्टी’ नावाचा हा दौरा २३ जानेवारी १९५९ रोजी मिल्वॉकी येथून सुरू झाला. गावांचा क्रम नकाशा न पाहताच लावला असावा, अशी उलटसुलट धावपळ. बसमधील उष्णतायंत्र वारंवार बंद पडणारे. ड्रमवादकाच्या पायांना हिमबाधा होऊन त्याला इस्पितळात ठेवावे लागले. २ फेब्रुवारीच्या रात्री आयोवा राज्यातील क्लिअर लेक येथे सर्फ बॉलरूममध्ये कार्यक्रम झाल्यावर हॉलीने पुढच्या गावी जाण्यासाठी चार आसनांचे लहान विमान ठरविले. भाडे माणशी छत्तीस डॉलर. मध्यरात्रीनंतर मेसन सिटीच्या विमानतळावरून निघालेले ते विमान काही मैलांवरच्या शेतात कोसळले. हॉलीबरोबर सतरा वर्षांचा रिची व्हॅलेन्स, अठ्ठावीस वर्षांचा जे. पी. रिचर्डसन आणि एकवीस वर्षांचा वैमानिक रॉजर पीटरसन हेही गेले. हॉलीची पत्नी गरोदर होती. या धक्क्याने तिचा गर्भपात झाला.

नाटकात पेटीशी झालेला दुरावा येतो, नाही असे नाही. परंतु तो दोन मानी माणसांच्या भांडणासारखा येऊन जातो. त्याचा आणि त्या विमानाचा धागा प्रेक्षकाच्या हाती ठेवला जात नाही. अपघाताची बातमी सांगितली जाते, रंगमंचावर एकाकी गिटारीवर प्रकाशझोत पडतो, क्षणभर शांतता पसरते आणि मग पुन्हा गाणी सुरू होतात. प्रेक्षकांनी हसतमुखाने घरी जावे ही निर्मात्याची अपेक्षा रास्त असली, तरी मृत्यूला केवळ दैवाचा घाला ठरविण्यात एक सोय असते. दैवाला हिशेब मागता येत नाही.

गाण्यांचे पुढे काय झाले, हेही मनोरंजक आहे. सत्तरीच्या दशकात हॉलीच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क पॉल मॅकार्टनी यांच्या कंपनीने विकत घेतले. ज्या पोराने लिव्हरपूलमध्ये ती गाणी कानाने उचलली होती, तोच त्यांचा धनी झाला, आणि १९७६ पासून त्याने लंडनमध्ये ‘बडी हॉली सप्ताह’ सुरू केला. यात भक्ती आणि गुंतवणूक यांची सीमारेषा काढणे कठीण आहे. बहुधा दोन्ही खरी होती. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्याने रचनेचा हक्क प्रथम अठ्ठावीस वर्षांचा असे आणि रचनाकार तोवर वारला तर नूतनीकरणाचा हक्क त्याची पत्नी व मुले यांच्याकडे जाई. पुढे मुदती वाढत गेल्या. १९५७ साली प्रकाशित होऊन रीतसर नूतनीकरण झालेल्या रचनेवरचा हक्क तेथे आता प्रकाशनापासून ९५ वर्षे, म्हणजे २०५२ अखेरपर्यंत चालेल. याउलट ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणावरचा हक्क पन्नास वर्षांचाच होता. २०१३ साली तो सत्तर वर्षांचा झाला खरा, परंतु आधीच मुक्त झालेल्या मुद्रणांना ती वाढ लागू नव्हती. त्यामुळे १९५७ सालच्या त्या तबकड्या तेथे कोणीही छापू शकतो. बडीचा प्रत्यक्ष आवाज फुकट, पण त्याने रचलेली चाल नाटकात दुसऱ्याने गायची तर पैसे मोजायचे, अशी ही विलक्षण स्थिती आहे.

या हिशेबाला आणखी एक पान आहे आणि ते हॉलीच्या विरुद्ध बाजूचे आहे. ‘नॉट फेड अवे’ या त्याच्या गाण्याचा ठेका कृष्णवर्णीय गायक-वादक बो डिडली याच्या नावाने ओळखला जाणारा आहे. कायदा शब्दांना संरक्षण देतो, चालीला देतो. ठेक्याला देत नाही. रॉक अँड रोलचा प्राण ठेक्यात, आणि तो ठेका ज्या समाजातून आला त्याला त्याचे भाडे कधीच मिळाले नाही. अपोलोच्या प्रसंगात नाटक गोऱ्या गायकाने कृष्णवर्णीय श्रोत्यांची मने जिंकल्याचा आनंद साजरा करते. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या हे खरेच. पण त्या रात्री त्या नाट्यगृहात देणेकरी कोण होते आणि येणेकरी कोण, हा प्रश्न रंगमंचाच्या विंगेतच राहतो.

‘बडी’चे प्रयोग लंडनमधून उतरल्यानंतरही फिरत्या मंडळींकडून होत राहिले. हँबुर्गच्या नाट्यगृहात २००१ सालापासून ‘लायन किंग’ आले. क्लिअर लेकचे नृत्यगृह मात्र अजून उभे आहे. १९७९ पासून दरवर्षी फेब्रुवारीत तेथे चाहते जमतात आणि त्या शेवटच्या रात्रीची गाणी वाजवितात. ‘पेगी स्यू’च्या रचनाकारांत आता हॉलीचेही नाव छापले जाते. ते घातले गेले ते त्याच्या मृत्यूनंतर.