नान्नी मोरेत्ती : नट, दिग्दर्शक आणि थिएटरचा मालकही

जन्म १९५३. रोममध्ये वाढलेल्या या वॉटरपोलोपटूने टपाल तिकिटांचा संग्रह विकून सुपर-८ कॅमेरा घेतला. ‘इयो सोनो उन आउतार्किको’ (१९७६) हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट सुपर-८वरच झाला. पुढच्या अनेक चित्रपटांत मिकेले आपिचेल्ला हा तिरसट नायक त्याने स्वतःच रंगवला. १९८०च्या दशकात भागीदारीत काढलेल्या निर्मितीसंस्थेला नाव दिलं ‘साखेर फिल्म’, तेही लाडक्या चॉकलेट केकवरून! १९९१ मध्ये रोममध्ये ‘नुओवो साखेर’ थिएटर सुरू केलं. तिथे इराणी दिग्दर्शक किआरोस्तामींचा ‘क्लोज-अप’ हा चित्रपट लागला त्या दिवशीची मालकाची धांदल त्याच्याच लघुपटात आहे, जरूर पाहावी.

‘कारो दियारियो’ने (१९९३) १९९४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळवला. त्यात आधी व्हेस्पावरून ओसाड उन्हाळी रोम. शेवटी स्वतःचं आजारपण. अंगभर खाज, एकामागून एक डॉक्टर, औषधांचा ढीग आणि अखेर निदान कर्करोगाचं. केमोथेरपीचं दृश्य तर खरंखुरं, उपचार चालू असताना टिपलेलं.

‘ला स्तान्झा देल फिल्यो’ला २००१ मध्ये कानचा सर्वोच्च ‘पाम द’ओर’ मिळाला. तरी ओळख करून घ्यायची तर सुरुवात ‘कारो दियारियो’पासूनच करावी.