वायूला जात नसते, पण...

अपघात जातपात पाहत नाही, असे आपण सहज म्हणतो. पण धोक्याच्या तोंडी कोण जातो, हे आपल्याकडे बरेचसे जन्मावरून ठरते. गटारे व सेप्टिक टँक साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार कामगारांच्या सरकारी पाहणीचे आकडे २०२४ मध्ये समोर आले. त्यांत जवळपास ६९ टक्के कामगार अनुसूचित जातींचे होते. २०११ च्या जनगणनेत मात्र या जातींचे लोक साडेसोळा टक्केच होते.

टाकीत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साठतात. पहिल्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. 'वास गेला, आता उतरायला हरकत नाही' ही समजूत म्हणूनच जीवघेणी आहे. जास्त प्रमाण असेल तर एकदोन श्वासांतच माणूस कोसळतो. मिथेनमुळे आतला प्राणवायू कमी होतो. शिवाय तो पेट घेतो, म्हणून कंदील किंवा जळती काडी सोडून पाहणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण.

'तोंडाला ओला रुमाल बांधला तर चालेल ना, डॉक्टर?' असे मला अनेकजण विचारतात. रुमालाने वायू अडत नाही. दारू पिऊन उतरल्यानेही संरक्षण मिळत नाही. उलट सावधपणा जातो.

आत कोणी पडलाच, तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. एकामागोमाग तिघे-चौघे दगावतात ते यामुळेच. १०१ वर अग्निशामक दलाला व १०८ वर रुग्णवाहिकेला कळवा. कमरेला दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढा. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास बंद असेल तर मोकळ्या हवेत छाती दाबण्यास लगेच सुरुवात करा.

संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. हा कायदा घरमालकालाही लागू आहे.

वाचकहो, फुप्फुसे सर्वांची सारखीच असतात, हे मी डॉक्टर म्हणून खात्रीने सांगतो. टाकी भरली की नगरपालिकेची मैला उपसणारी गाडी बोलवा. चार पैसे वाचवण्यासाठी माणूस उतरवू नका.