पावसात तंबोरा ऐकताना

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलैत पत्र्यावर तो कोसळत असताना घरात हेडफोन लावून गाणं ऐकणाऱ्याने नव्या खरेदीत आधी या आवाजाचा विचार करावा.

मागे जाळी असलेले, उघडे हेडफोन मोकळे वाजतात. पण जाळीतून पाऊसही कानात येतो आणि आपण नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासच सुरक्षित असतो. म्हणून इथे मागून बंद असलेलाच हेडफोन घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या गाद्या कानाभोवती घट्ट बसायला हव्यात; फट राहिली की खर्ज निसटतो. दमट हवेत त्यांना बुरशी धरते, तेव्हा बदलता येणाऱ्या बघा.

पारख कशावर करायची? मिरजेच्या तंबोऱ्यावर! त्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तारेखालचा जवारीचा दोरा नेमक्या जागी आला की तार घोडीच्या उतारावर घासत कंपते आणि मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वर झळाळून उठतात. ते सुटे ऐकू आले आणि खर्जाची तारही दबली नाही, तर हेडफोन घ्यावा.

घेताना हेडफोनचा विद्युत अवरोधही बघा: ३२ ओहमच्या हेडफोनला बहुतेक वेळा फोन पुरतो. ३०० ओहमच्या हेडफोनला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या जुन्या तबकड्या मात्र तंबोऱ्याच्या या परीक्षेला लावू नका. त्या काळच्या मुद्रणात वरचे स्वर फारसे उतरतच नसत. त्या नुसत्या ऐकाव्यात.