लेकीचा वेब डिझाइनचा क्लास : कर्ज उचलण्याआधी हे वाचा



मागच्या दोन बैठकांत एकाच कारणासाठी तीन कर्जअर्ज आले, 'मुलीचा वेब डिझाइनचा क्लास'. तेव्हा मी गप्प बसले, कारण यात मी स्वतः पोळलेली आहे. चार वर्षांपूर्वी गटातून वीस हजार उचलून लेकीला शहरातल्या एका क्लासला घातलं. नोकरी नक्की म्हणाले होते. पाच महिन्यांत क्लासला कुलूप, हातात एक कागद, आणि हप्ते मी दीड वर्ष फेडले. पोरगी पुढं शिकली, पण दुसऱ्या वाटेनं.

आधी हे काम काय ते बघू. आपली इतिवृत्ताची वही आठवा. वर तारीख, खाली हजर सदस्यांची यादी, मग बचतीचा तक्ता, शेवटी ठराव. हा मथळा, ही यादी, हा तक्ता असं खुणा करून संगणकाला सांगायचं, त्याला एचटीएमएल म्हणतात. अक्षर केवढं, रंग कोणता, समास किती हे सांगतं ते सीएसएस. सुरुवात एवढ्यावरच होते. साध्या नोटपॅडमध्ये लिहायचं, ब्राउझरमध्ये उघडून बघायचं. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. संगणक मात्र लागतो, नुसत्या मोबाइलवर भागत नाही.

मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा उपक्रम आहे. साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ, अनेक विषय मराठीतही, आणि फुकट. थोडं बघायचं, थांबवायचं, तेच आपल्या हातानं करायचं, मग पुढं जायचं. माझ्या लेकीनं पहिला महिना नुसतंच बघितलं. "सगळं समजलं" म्हणाली, आणि कोरं पान उघडल्यावर पहिली ओळ लिहिता येईना! मग पुन्हा पहिल्यापासून.

खरं शिकणं झालं ते उमेदवारीत, म्हणजे इंटर्नशिपमध्ये. दूरच्या एका वाचनालयाचं काम, तीन महिने, घरूनच. पगार नाही, पण फीसुद्धा नाही. सोमवारी ग्रंथपाल व्हिडिओ कॉलवर काम सांगायचे, शुक्रवारी चुका दाखवायचे. ते वाचनालय 'कोहा' वापरायचं. पुस्तकांची नोंद, देवघेव, शोध सगळं ब्राउझरमधून करायची ही मोफत प्रणाली. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ती बनली आणि २००० साली सुरू झाली. तिथल्या माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. स्पोकन ट्युटोरियलमध्ये कोहाचेही धडे आहेत. वाचकाला दिसणारं पान एचटीएमएल-सीएसएसनं आपल्यासारखं करून घेता येतं, तेच तिचं काम.

पहिल्याच आठवड्यात घोळ. वाचनालयाची जुनी यादी पडद्यावर छान दिसायची, पण 'पाणी' शब्द शोधला की एकही पुस्तक सापडेना. ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. त्या फॉन्टमध्ये दिसतं मराठी, पण आत साठतात इंग्रजी अक्षरांचे आकडे. युनिकोडमध्ये जगातल्या बहुतेक लिपींच्या अक्षरांना ठरलेला आकडा असतो, म्हणून शोध लागतो. ती यादी बदलून, एकेक नाव तपासण्यात तीन आठवडे गेले. कंटाळवाणं काम, पण क्लासमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं.

दुसरी चूक फोटोंची. तिनं मोठाले फोटो टाकले आणि आमच्याच घरी, आमच्याच नेटवर, ते पान उघडेना. मग फोटो लहान केले, आणि प्रत्येकाखाली चित्रात काय आहे ते लिहिलं. न दिसणाऱ्या वाचकाचा फोन ते वाचून दाखवतो.

अडचण वेळेची झाली. हळद शिजवायचे दिवस, घरात माणसं, आणि पोरगी संगणकापुढं बसलेली. सासूबाई चिडल्या. शेवटी दुपारचे दोन तास तिचे, असं ठरलं. तेवढंही ठरलं नसतं तर तीन महिने पुरे झाले नसते.

आता अर्जांबद्दल. क्लासवाल्याला विचारा, मागच्या मुलींनी बनवलेली पानं दाखवा. दाखवता येत नसतील तर पैसे देऊ नका. इंटर्नशिपसाठी कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. कर्ज काढायचंच असेल तर जुन्या, चालत्या लॅपटॉपसाठी काढा, आणि तेही मुलीनं महिनाभर फुकटचे धडे हातानं करून दाखवल्यावर.

तिन्ही अर्जांवर पुढच्या बैठकीत बोलू. त्या तायांनी मुलींना सोबत आणावं. माझी लेक लॅपटॉप घेऊन येणार आहे, पहिलं पान तिथंच बनवून बघू.